अकरा वर्षांतली पहिली रजा

नोकरी करणाऱ्याला आजारी पडायची सोय असते. अर्ज असतो, अर्ज वाचणारा साहेब असतो आणि कुरकुरत का होईना, त्या साहेबाची सही असते. आम्हा व्यायाम शिकवणाऱ्यांचं तसं नाही. मी कोलकात्यात, बेहाला भागात, एका घराच्या गच्चीवर बायकांचे व्यायामवर्ग घेते. सकाळी दोन बॅच, मग दुपारपर्यंत कुणाकुणाच्या घरी जाऊन एकेकीला शिकवणं. अकरा वर्षांत मी एकदाही रजा घेतली नव्हती आणि हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायची. आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी सकाळी सहाला मी गच्चीवर हजर होते. बायकांनी डोळे पुसत माझं कौतुक केलं. आता तो दिवस आठवला की माझी मलाच कीव येते.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या, स्वतःच्या जिवावर वर्ग चालवणाऱ्यांसाठी. औषधांबद्दल मला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. मी रजा आधी किती वाईट रीतीनं घेतली आणि मग थोडी बऱ्या रीतीनं कशी घेतली, एवढंच सांगणार आहे.

ओढलेला स्नायू

आमच्या धंद्याला इथे सुगी दोनदा येते. दुर्गापूजेआधी नव्या साडीसाठी कंबर हवी असते आणि पूजेनंतर विजयादशमीची मिठाई जिरवायची असते. पूजेचे चार दिवस वर्ग बंद असतो खरा, पण ती सुट्टी त्यांची. मी ते दिवस पुढच्या महिन्याचे व्यायाम वहीत उतरवण्यात घालवायची. माझा नवरा मिलिंद मंडपाच्या रांगेतून फोन करून विचारायचा, "येतेस, का आम्ही दोघंच आत जाऊ?" दोघं म्हणजे तो आणि आमची मुलगी मैत्रेयी. बहुतेक वेळा ते दोघंच जात.

त्या वर्षी पूजा उलटली आणि माझ्या उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली. खोल श्वास घेतला की आतून कुणी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. वर्गातल्या एखादीनं असं सांगितलं असतं तर मी तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे पिटाळलं असतं. स्वतःचं निदान मात्र मी जिना उतरता उतरता करून टाकलं: बरगड्यांमधला स्नायू ओढला गेलाय. शिकलेली बाई ना मी! मग गरम पाण्याची पिशवी, हळदीचा लेप, कुशीवर वाकायचे व्यायाम. संध्याकाळी अंग तापायचं ते दमल्यामुळे, आणि खोकला रस्त्यावरच्या धुळीमुळे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सहा आठवडे मी छातीत साठणाऱ्या पाण्यावर स्ट्रेचिंगचे उपचार केले.

त्या सहा आठवड्यांत माझं वजन भराभर उतरलं. बायका हरखून गेल्या. "शुभांगी, कोतो स्लिम होयेछो!" म्हणत माझ्याभोवती गोळा झाल्या आणि कुठलं डाएट, म्हणून मागे लागल्या. मी ठोकून दिलं, "रात्रीचा भात बंद." खरं तर मला भातच काय, कुठलाच घास गिळवत नव्हता. पण माझी कंबर बघून दोन नव्या बायका वर्गात आल्या. आजार माझी जाहिरात करत होता आणि मी ती करू दिली.

लग्न

एका सकाळी सूर्यनमस्कार दाखवताना मी जमिनीवर गेले ती वर येईचना. दम कुठून आणावा कळेना. शर्मिलादींनी मला बखोटीला धरून उठवलं. शर्मिलादी म्हणजे त्या गच्चीच्या मालकीण आणि माझी पहिली विद्यार्थिनी. वय एकसष्ट, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघे दुखरे, जीभ तिखट. "उपास आहे," असं त्यांना सांगून मी घरी आले. मिलिंदनं माझा चेहरा पाहिला आणि ऑफिसला जायचं सोडून टॅक्सी बोलावली.

डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. उजवी बाजू अर्ध्यापर्यंत पांढरी होती.

"आप क्या करती हैं?"

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "फिट लोग हमेशा देर से आते हैं," म्हणाल्या आणि तिथल्या तिथे भरती करून घेतलं.

पलंगावर बसल्या बसल्या मी पहिलं काम काय केलं असेल, तर वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला: गावी चुलतबहिणीचं लग्न अचानक ठरलंय, आठ दिवस गडहिंग्लजला जातेय. मिलिंद शेजारी उभा राहून वाचत होता. "अगं, खरं सांगितलंस तर काय फाशी देतील?" मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आजारी ट्रेनर म्हणजे टकल्यानं केसांचं तेल विकणं, असं माझं पक्कं मत होतं. पैशाची काळजी नव्हती असं नाही, पण घर मिलिंदच्या पगारावरही चाललं असतं. भीती वेगळीच होती. मी आठ दिवस नसले आणि कुणाचंच काही अडलं नाही, तर?

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टीबी, फुप्फुसाच्या आवरणाचा. सहा महिने गोळ्या, आणि पहिले निदान दोन महिने अंगमेहनत बंद. मला मृत्यू आठवला नाही, मैत्रेयीही आठवली नाही, सहाची बॅच आठवली. मिलिंदनं विचारलं, हा दुसऱ्यांना लागतो का? थुंकीत जंतू सापडले नव्हते, त्यामुळे माझ्यापासून कुणाला भीती नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी घरच्यांची तपासणी करून घ्या, म्हणाल्या. मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे आता कुणाला सांगायलाच नको!

वॉर्ड

वॉर्ड पहाटे साडेपाचला उठायचा. आया चादरी ओढायच्या, पातळ चहा यायचा, मग थर्मामीटर. सगळ्या कण्हत-कुंथत उठत आणि मी टक्क जागी. साडेपाच ही माझ्या अंगात मुरलेली वेळ आहे, ती मुरवली अण्णांनी. माझे वडील फौजेत हवालदार होते, जवानांना पीटी शिकवायचे. फोर्ट विल्यमला होते, मग बराकपूरला आले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. बराकपूरच्या क्वार्टरमध्ये आम्ही असताना हिवाळ्यात नदीवरून धुकं मैदानात यायचं. त्या धुक्यात माणसं दिसायची नाहीत, फक्त अण्णांची शिट्टी आणि शंभर बुटांचा एकदम पडणारा आवाज. मी आईच्या जुन्या शालीत गुंडाळून मैदानाच्या कडेला विटांच्या ओळीवर बसायची. परेड सुटली की एखादा जवान माझ्या ओंजळीत भिजवलेले हरभरे आणि गूळ टाकून जायचा. त्या चवीची बरोबरी मला नंतर कशात सापडली नाही, आणि वॉर्डातल्या त्या पांचट चहात ती मला फार आठवली.

छाती उघडावी म्हणून तिथे एक खेळणं देतात. नळीनं हवा ओढायची आणि तीन चेंडू वर उचलायचे. बायकांना श्वासावर व्याख्यानं देणाऱ्या माझा पहिला चेंडू जेमतेम हलला. शेजारच्या खाटेवरच्या सत्तरीच्या आजीबाईंनी दोन उचलले आणि माझ्याकडे बघून बोळकं पसरलं. मी रागानं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या वाट्याचं संत्रं सोलून निम्मं माझ्या हातावर ठेवलं. अशा माणसावर रागावून तरी किती राहणार?

थर्मास

पाचव्या दिवशी भेटीच्या वेळेला शर्मिलादी दारात उभ्या. हातात थर्मास. मी चादर गळ्यापर्यंत ओढली, जणू त्यानं मी दिसेनाशी होणार होते.

त्यांनी थर्मास टेबलावर ठेवला, स्टुलावर बसल्या आणि विचारलं, "शादी कैसी रही?"

बसस्टॉपवर त्यांना मैत्रेयी भेटली होती. त्यांनी आई कुठेय विचारलं आणि पोरीनं सगळं सांगून टाकलं. नंतर मी तिला बोलले तर म्हणते, "मराठीत विचारलं असतं ना आई, तर मारली असती थाप. बंगालीत मला खोटं बोलायला जमत नाही." जन्मापासून इथे वाढलेली पोर, तिचं बरोबरच होतं.

शर्मिलादींना मी घाईघाईनं म्हटलं, "दीदी, डॉक्टर म्हणतात माझ्यापासून कुणाला लागत नाही."

"ये आज बोला. छह हफ्ते तुम खाँस रही थी, तब मालूम था?"

"नाही."

"मुझे शुगर है. मेरी छत पर अठारह औरतें साँस लेती हैं, तुम्हारे कहने पर." त्यांचा आवाज चढला नव्हता. "और तुमने हमको शादी सुनाई."

त्या गेल्या, थर्मास तिथेच राहिला. आत माशांचं पातळ, कमी तिखटाचं कालवण होतं. मी ते रडत रडत संपवलं. कित्येक दिवसांत पोटभर जेवले ते तेवढंच.

बराकपूर

घरी आल्यावर मिलिंदचं आणि माझं कडाक्याचं वाजलं. तो म्हणाला, कर बंद तो वर्ग एकदाचा. मी म्हटलं, तुला बोलायला काय जातं, तुझ्या कंपनीत मेडिकल लीव्ह असते. आम्ही दोघंही भ्यालो होतो आणि भीतीचं बोलण्याऐवजी वर्गाचं बोलत होतो, हे आता कळतं. मी माझं पाण्याचं भांडं वेगळं ठेवायला लागले होते. मैत्रेयी मुद्दाम माझ्यासमोर त्याच भांड्यानं पाणी प्यायली आणि तोंड पुसून अभ्यासाला गेली. शेवटी मिलिंद म्हणाला, "पंधरा दिवस अण्णांकडे जा. इथे तू स्वस्थ बसणार नाहीस." मला जायला निमित्तच हवं होतं.

अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून एकटेच राहतात. सकाळी गोळी घेतली की मी त्यांच्या ओसरीत खुर्ची टाकून बसायची. गोळ्यांनी लघवी केशरी होते हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे वॉर्डात पहिल्या दिवशी मी किंचाळले होते. हे ऐकून अण्णा शांतपणे म्हणाले, "आपल्याला भगवाच शोभतो." आजारपणातलं माझं पहिलं हसू ते.

एकदा मी त्यांना म्हटलं, "अण्णा, तुम्हीच सांगायचात ना, पोस्ट सोडायची नाही म्हणून?"

"सांगायचो. मग?"

"म्हणून तर सोडली नाही."

अण्णांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. "पोरी, पहाऱ्यावर माणूस किती वेळ उभा असतो?"

"रात्रभर?"

"दोन तास. दोन तास झाले की दुसरा येतो. तो आला की पहिला जातो आणि गपगुमान झोपतो. दुसरा आला नाही तर पहारेकऱ्याची चूक नाही. गार्ड कमांडरला उभा करून विचारतात, माणूस का पाठवला नाहीस." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तुझा गार्ड कमांडर कोण?"

"कुणी नाही. माझं मीच."

"मग त्याला बोलव हापिसात आणि झाप चांगला."

मी हसले, पण त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना. चाळीस वर्षं मी अण्णांच्या शिकवणीतलं अर्धंच वाक्य उराशी धरून बसले होते. अण्णा दरवर्षी दोन महिने रजेवर गावी जायचे की! काळी ट्रंक, हावड्याची गाडी, आईनं बांधून घेतलेल्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी, खिडकीसाठी माझं रडणं, सगळं डोळ्यासमोर आलं. त्या दोन महिन्यांत मैदानावर दुसऱ्याची शिट्टी वाजायची. आम्ही परत यायचो तेव्हा मैदान जागेवर असायचं, आणि अण्णाही जरा गुटगुटीत झालेले असायचे. किती सुखाचे होते ते दोन महिने! मी मात्र माझ्या पोरीला असे दोन दिवसही दिले नव्हते.

गच्चीवर खुर्ची

दुसऱ्या आठवड्यात मिलिंदला घेऊन मी बेहालाला गेले. गच्चीवर निरोप देऊन सगळ्यांना बोलावलं होतं. त्या गच्चीवर मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. पाण्याच्या टाकीला टेकून शर्मिलादी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

मी सगळं सांगितलं. लग्न नव्हतं, टीबी आहे, डॉक्टरांनी हे आणि हे सांगितलंय, हा त्यांचा कागद, ज्यांना तपासून घ्यायचंय त्यांनी जरूर घ्या. माझं चुकलं. नव्या दोघींपैकी एकीनं हळूच विचारलं, "आणि ते डाएट?"

"डाएट नव्हतं. तो टीबीच होता. रात्रीचा भात खा तुम्ही."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. एकीनं पदर नाकाला लावला, एक जण उठून जिना उतरून गेली. मला ते लागलं. पण मी सहा आठवडे दुखणं लपवलं होतं, आता त्यांच्या भीतीला नावं ठेवायचा मला अधिकार नव्हता.

मग मी शर्मिलादींकडे वळले. "दीदी, माझ्या जागी तुम्ही उभ्या राहाल?"

"मैं? ये घुटने लेकर?"

"तुम्ही नका वाकू, त्यांना वाकवा. तीस वर्षं वर्ग सांभाळलेत."

त्यांनी हाताची घडी सोडली नाही. मिलिंद माझ्या खुर्चीमागे चुळबुळत होता. मला वाटलं, आता गच्चीही गेली. मग त्या म्हणाल्या, "दो शर्त. छह हफ्ते तुम इस छत पर पाँव नहीं रखोगी. व्हॉट्सॲप पे भी ज्ञान नहीं दोगी. और आगे से बुखार आया, तो पहला फोन मुझे. डॉक्टर के बाद." त्यांनी मला माफ केलं का, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

मी व्यायामांची वही त्यांच्या हातात दिली आणि बराकपूरला परत गेले. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. सहा वाजले की हात फोनकडे जायचा. मग हळूहळू सहा वाजता मी अण्णांबरोबर नदीकाठी बसायला लागले. तिथून जवान पळत जायचे आणि अण्णा प्रत्येक टोळीतला एक तरी दोष काढायचे. महिन्याभरानं मी दोन चेंडू उचलले. अण्णांनी पाठ थोपटली नाही, "तिसरा राहिलाय," म्हणाले.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगते. आता माझ्या प्रत्येक बॅचमध्ये एक जण अशी आहे की जी मी नसताना वर्ग घेऊ शकते, आणि मी धडधाकट असतानाही दर गुरुवारी तीच घेते. बदली माणूस आजारपणात शोधायला गेलं तर सापडत नाही. वर्षातली माझी रजा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करते, त्यामुळे कुणाला ती दगा वाटत नाही. आणि दोन आठवडे न गेलेली कुठलीही कळ मी स्नायूच्या नावावर खपवत नाही. एवढी साधी गोष्ट शिकायला मला छातीत पाणी व्हावं लागलं, याची लाज वाटते.

शेवटची रांग

डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले. सहाला पाच मिनिटं होती. अठरातल्या चौदा जणी होत्या. ज्या चार नव्हत्या त्यांत माझी कंबर बघून आलेल्या दोघी होत्या, आणि एक सात वर्षांची जुनीही होती. ती जुनी अजून परत आलेली नाही.

वर्ग सुरू झाला. शर्मिलादी खुर्चीत बसून सूचना देत होत्या. त्यांनी माझा क्रम बदलला होता. मधे दोन मिनिटं गप्पा मारायला मोकळीक होती, माझ्या वर्गात तसलं काही चालायचं नाही. दोघी-तिघींचे गुडघे चुकीचे वाकत होते. आणि सगळ्या मजेत होत्या. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. मला पुढे जाऊन ते गुडघे नीट करावेसे वाटले, त्या गप्पा थांबवाव्याशा वाटल्या. ज्या गोष्टीला मी अकरा वर्षं भ्याले होते ती समोर घडत होती: मी नव्हते आणि वर्ग चालला होता. त्याच वेळी मला असंही वाटलं की हा वर्ग मीच उभा केलाय, नाहीतर तो माझ्यावाचून चालला कसा असता?

मी पुढे गेले नाही. शेवटच्या रांगेत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली माझी चटई अंथरली आणि त्यांच्याबरोबर हात वर केले. खोल श्वास घेतला. कळ आली नाही. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले, तेवढ्यात पुढून शर्मिलादींचा शाळेतला आवाज आला, "शुभांगी, कोनुई शोजा!"

चौदा जणींनी वळून माझ्या कोपराकडे पाहिलं. ते खरंच वाकलेलं होतं. मी ते सरळ केलं.